उलट्या लेन्सचा भादवा

चार दिवस झाले, पाऊस उघडलाय. मुखेडात भादव्यात असं उघडलं की सकाळी सातलाच ऊन पाठीला चावायला लागतं आणि आमच्या घरामागच्या सोयाबीनमधून ओला, हिरवा, जरा कुजकट वास येतो. पानापानावर दव असतं. दवात कोळ्यांची जाळी असतात आणि जाळ्यांत काय काय अडकलेलं असतं. मागच्या वर्षी याच दिवसांत मी चहा ओट्यावर तसाच ठेवून कॅमेरा घेऊन पळायची. यंदा मागचं दार उघडलं, तो वास घेतला आणि दार लावून टाकलं. नवऱ्यानं विचारलं, डास येऊन राहिले का? मी हो म्हणाले. पन्नाशीकडं झुकलेली विज्ञानाची मास्तरीण भादव्याला भिते, हे त्याला काय सांगायचं?

भीती किड्यांची नाही. किड्यांशी माझं चांगलं जमलं होतं. भीती डोळ्यांची आहे. आधी माझ्या डोळ्यांची होती, आता लेकीच्या डोळ्यांची आहे, आणि ही दुसरी भीती पहिलीपेक्षा लई वाईट आहे. पहिलीला निदान डॉक्टर भेटला. दुसरीला मी वर्षभर घरातच कोंडून ठेवलंय.

बाबांचा अहमदपूरला फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, जयंतीची मिरवणूक. कुणाचं माणूस गेलं की अंगणात खुर्चीवर बसवून काढलेला शेवटचा फोटोसुद्धा बाबांचाच. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचे, डावा गच्च मिटायचे आणि तोंड थोडं वाकडं व्हायचं. त्या वाकड्या तोंडाला हसून लेकरं फोटोत हसरी यायची. पुढं तो उजवा डोळा गेला. पार गेला. डाव्यानं आता फक्त समोरचं दिसतं, बाजूचं नाही. ताटातली भाजी दिसते, शेजारची वाटी हात लागून सांडते. गावातले लोक म्हणायचे, फ्लॅशनं डोळा खाल्ला. आम्हीही तेच धरून चाललो. मी बी.एस्सी. झाले, पोरांना डोळ्याची आकृती काढून दाखवायला लागले, तरी बाबांच्या डोळ्याबद्दल माझं शिक्षण ‘फ्लॅशनं खाल्ला’ एवढंच राहिलं. आता काय बोलायचं.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा काचा घरी आल्या. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. आत बारीक मुळ्यांसारखे तंतू पसरतात आणि मग ती काच कामातून जाते. म्हणून बाबा लाकडी कपाटात साठचा बल्ब लावून लेन्सा ठेवायचे. पावसाळाभर तो बल्ब जळायचा. आई म्हणायची, आमच्या घरी लेकीपेक्षा काचा उबेला असतात. आई गेली, तरी कपाटातला बल्ब बाबांनी चालू ठेवला.

माझी लेक मितू अकरावीला लातूरला गेली. नीटचे क्लास, होस्टेल, आठवड्यातून एकदा रविवारी फोन. आमच्या भागात डॉक्टर व्हायचं स्वप्न पडलं की लेकरं लातूरलाच जातात. सुनील, म्हणजे माझा नवरा, बिलोलीला नोकरीला, रोज ये-जा. घर एकदम मोकळं झालं. मग मी कुणाचा तरी वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. मोबाइलवर कुणीतरी दाखवत होतं, जुनी लेन्स एका कड्याच्या मदतीनं कॅमेऱ्यावर उलटी बसवायची, म्हणजे मुंगी मांजराएवढी दिसते. मी कडं मागवलं आणि बाबांना फोन केला. ते कितीतरी वेळ हसत होते. उभा जन्म ज्या लेन्सचं बूड जपलं, ते लेकीनं पुढं केलं, असं त्यांचं म्हणणं. पण दुसऱ्या दिवशी जीपमधून येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी तीन लेन्सा पाठवल्या, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.

उलट्या लेन्सला लांबचं काही दिसत नाही. चार बोटांवर नेलं तरच दिसतं. फोकसचं कडं फिरवून काही उपयोग नाही, आपणच पुढं-मागं डोलायचं. श्वास धरून ठेवायचा. मुंगीच्या मिशा साफ आल्या की पोट धुरकट, पोट साफ आलं की मिशा गेल्या. जास्त भाग साफ हवा तर लेन्सचं भोक बारीक करायचं, पण भोक बारीक केलं की बघायच्या खिडकीत अंधार. म्हणून भोक उघडं ठेवून नेम धरायचा आणि शेवटच्या घटकेला बोटानं कट, कट, कट मोजत ते मिटवून बटण दाबायचं. दहातले नऊ फोटो वाया. पण दहावा असा येतो की आपण पाणी प्यायचंही विसरतो.

शेत ज्यांचं आहे त्या गयाबाई एकदा मला सरीत ओणवी बघून धावत आल्या. बाई, कानातलं हरपलं का? आणि माझ्याबरोबर खाली बसून शोधायलाच लागल्या. मी त्यांना पडद्यावर अळी दाखवली. पाठीची कमान करून चालणारी उंट अळी, अंगावर बारीक पांढऱ्या रेघा, तोंडाशी पानाचा तुकडा. गयाबाईंनी ती लई वेळ बघितली. मग म्हणाल्या, आम्ही हिला फवारून राहिलो अन् तुम्ही हिचे फोटो काढून राहिल्या. आम्ही दोघी त्या सरीत बसून हसलो. तो त्या भादव्यातला शेवटचा निर्धास्त दिवस असावा. निदान मला तरी तसाच आठवतो.

ठिपका पहिल्यांदा दिसला तो नाकतोड्यावर. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना मधोमध, जरा वर डावीकडं, ज्वारीच्या दाण्याएवढा धुरकट भाग. नाकतोड्याचा डोळा पट्ट्यापट्ट्यांचा असतो आणि नेमका त्या पट्ट्यांवर तो आला. मला वाटलं, झालं, बुरशी. बाबांच्या लेन्सला माझ्या घरी बुरशी लागली, आता त्यांना काय तोंड दाखवू? भीतभीत फोन केला. बाबांनी कारागिरासारखी चौकशी केली. तंतू आहेत का नुसतं धुरकट? सगळ्या लेन्सांत दिसतं का एकीतच? सगळ्यांत, मी म्हणाले. फोटोत येतं का? नाही, फोटो साफ. मग ते थोडे थांबले. लेन्सचा दोष नाही म्हणाले. कॅमेऱ्याच्या आत एक दुधी काच असते, त्या काचेवर घाण बसली की डोळ्याला दिसते, फोटोत येत नाही. ती पूस.

मग मी पुसायला लागले. आधी रबरी फुग्यानं वारा मारला. मग मऊ कुंचला फिरवला. मग चष्म्याचं फडकं. मग मोबाइलवर बघून चिमट्यानं ती काच चक्क बाहेर काढली, दिवाणावर पांढरं धोतर अंथरून, पंखा बंद करून. सुनील दारात उभा राहून म्हणाला, ऑपरेशन चाललंय का? पेशंट वाचेल का? काच परत बसवली, खिडकीतून बघितलं. ठिपका होता तिथंच. दोन आठवडे हेच चाललं. सकाळी किडे, संध्याकाळी पुसणं. कॅमेरा विकणाऱ्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालायची.

एका रविवारी सकाळी नळाच्या तोटीवर उड्या मारणारा कोळी बसलेला. नखाएवढाही नव्हता. त्याला आठ डोळे. त्यातले समोरचे दोन मोठे, काळे, ओले, आणि ते थेट तुमच्याकडं बघतात. ठिपका त्याच्या डोळ्यावर यायला लागला म्हणून मी कॅमेरा जरा सरकवला. ठिपका डोळ्यावरच. आणखी सरकवला. डोळ्यावरच. मग मी कॅमेरा अजिबात न हलवता नुसती नजर कोळ्याच्या पायाकडं नेली.

ठिपका पायावर आला.

मी नजर परत त्याच्या डोळ्यावर आणली. ठिपका डोळ्यावर आला. खिडकीच्या कोपऱ्यात बघितलं, तिथं आला. काचेवरची घाण जागा सोडून फिरत नाही, एवढं कळायला विज्ञानाची मास्तरीण असायची गरज नाही. मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. सगळं स्वच्छ. कोळी तसाच बसलेला, आठही डोळे धड. मी नळाखालच्या चिखलात तशीच बसले, साडी भिजली तरी उठवेना.

त्यानंतरचे अठरा दिवस मी कुणाला काही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मुठीत काय आहे ते मला बघायचं असायचं, सारखं. डावा डोळा झाकून घड्याळ बघायची. फळ्यावर मीच लिहिलेल्या ‘प्रकाशाचे परावर्तन’मधलं एखादं अक्षर पुसल्यासारखं व्हायचं आणि नजर हलवली की ते अक्षर परत येऊन शेजारचं जायचं. हजेरी घेताना, भाकरी थापताना, एस.टी.त बसल्यावर, जिथं तिथं एक डोळा झाकायचा. शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात काही गेलं का? मी स्वतःची समजूत घातली की हा अंधबिंदू असेल, तो तर प्रत्येकाला असतो, आठवीच्या पोरांना मीच कागदावर फुली आणि गोळा काढून दाखवते. पण अंधबिंदू कुठं असतो ते मला पाठ होतं. हा त्या जागेवर नव्हता. आणि दोन्ही डोळे उघडले की काहीच नाही. जग पूर्ण, कुठं भोक नाही. ते पूर्ण जग बघूनच मला जास्त घाबरायला व्हायचं.

शेवटी अहमदपूरला गेले. सांगायला गेले नव्हते, नुसती गेले. बाबा पडवीत बसलेले. कॅमेरा आणलास का, दाव म्हणाले. हातात घेतला, उलट्या लेन्सच्या बुडावरून अंगठा फिरवला, परत दिला. मी लेन्स सुलटी करून बसवली आणि म्हणाले, तुमचाच एक काढते. त्यांनी टोपी नीट केली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. बाबांना समोरचं तेवढं दिसतं आणि समोर मीच होते.

“डाव्या डोळ्याला लावलास,” बाबा म्हणाले.

मी कॅमेरा तसाच धरून ठेवला. खाली घेतला असता तर तोंड दिसलं असतं.

“कवापून?”

मी सांगितलं. पडवीतून रस्त्यावरची गाडी गेल्याचा आवाज ऐकू आला, मग तोही थांबला.

“म्या बी काच पुसली व्हती,” ते म्हणाले. “आख्खा पावसाळा पुसली. तू फोनवर ठिपका म्हणलीस तवाच वळखलं म्या. पण म्हणलं, आसंल घाण. खरंच घाण आसंल.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फ्लॅशनं काही खाल्लं नव्हतं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी बाबा कुणाला न सांगता नांदेडला जाऊन आले होते. डोळ्याचा दाब, काचबिंदू, हळूहळू जातं आणि दुखत नाही. तिथल्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की हे घराण्यात उतरतं, लेकराला आणून दाखवा. लेकरू मी एकटीच. बाबांनी ते घरी येऊन आईलासुद्धा सांगितलं नाही. कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायला लागले आणि विचारलं तर उजव्याला आराम देतो म्हणायचे. माझ्या लग्नाचे सगळे फोटो त्यांनीच काढलेत, म्हणजे डाव्या डोळ्यानं काढलेत. स्वतःच्या लग्नात नवरी बापाच्या डोळ्याकडं थोडीच बघते.

“मला कामून नाही नेलं?” मी विचारलं.

“तुझं लगीन जुळून राहिलं व्हतं, माय. आंधळ्याच्या घरची पोरगी कोन करंल? लगीन झाल्यावर सांगू म्हणलं. मंग मितू झाली. मंग ऱ्हायलंच.”

राग आला. लई राग आला. वीस वर्षं! रोज औषधाचा एक थेंब टाकला असता तरी पुष्कळ वाचलं असतं. मी चहा न घेता निघाले. जांबच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बाबांचा फोन आला, तो मी उचलला नाही. पुढं दोन महिने उचलला नाही. आपल्या लेकराच्या डोळ्यापेक्षा याला लोकांच्या तोंडाची भीती जास्त, हे एकच वाक्य मी त्या दोन महिन्यांत मनात किती वेळा म्हटलं असेन!

नांदेडला सुनील बरोबर आला. तिथं एक तपासणी असते. अंधारी खोली, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या पिवळ्या दिव्याकडं बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही ठिपका चमकला की हातातली कळ दाबायची. प्रत्येक वेळी यंत्रातून बारीक आवाज यायचा. डाव्या डोळ्याला आवाज आला, ठिपका आला, कळ दाबली. उजव्याला आवाज यायचा आणि ठिपका नाही. परत आवाज, ठिपका नाही. मग मी काय केलं? आवाज आला की कळ दाबायला लागले. परीक्षेत कॉपी धरणारी मी, अंधारात बसून यंत्राची कॉपी करायला लागले. थोड्या वेळानं तिथली पोरगी हळूच म्हणाली, मॅडम, न दिसताच दाबून राहिलात का? परत पहिल्यापासून करू. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी शाळेत कधी वाटली नाही.

डॉक्टरबाई शांत होत्या. उजव्याचं गेलेलं परत येणार नाही, डाव्यात सुरुवात आहे, थेंब रोज, जन्मभर, आहे ते राखायचं. मी मान हलवत होते. मग कागदावर लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, मुलं किती? एक मुलगी, लातूरला असते, मी म्हणाले. तिला एकदा आणा, त्या म्हणाल्या. या वयात बहुतेक काही निघत नाही, पण बघून ठेवायला पाहिजे, टाळू नका.

“तिची बारावी आहे,” मी म्हणाले. “परीक्षा झाली की आणते.”

परत येताना नरसीला गाडी थांबली तेव्हा मला ते वाक्य परत ऐकू आलं. लगीन झाल्यावर सांगू. परीक्षा झाली की आणते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. सुनीलला म्हणाले, आत्ताच न्यायचं का तिला? तो म्हणाला, पोरीचं डोकं फिरेल, आधीच झोप नाही तिला. खरंच होतं ते. आणि मला तेच ऐकायचं होतं.

परीक्षा झाली. मग निकालापर्यंत कशाला. निकालात थोडक्यात राहिलं. पोरगी आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडली. त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं की चल, आता डोळे दाखवू? मग तिनं परत वर्ष घेतलं आणि परत लातूर. दर वेळी कारण चांगलंच असायचं. वाईट कारणासाठी मी एक दिवसही थांबले नसते. ती घरी यायची तेव्हा थेंबांची बाटली मी लोणच्याच्या बरणीमागं ठेवायची. एकदा तिच्या हाती लागलीच. उन्हानं डोळे कोरडे पडतात गं, मी म्हणाले. तिनं लगेच विश्वास ठेवला.

आत्ता पोळ्याला दोन दिवस आली होती. जेवायला बसल्यावर तिनं तांब्यातून पाणी ओतलं ते ग्लासाच्या काठावर पडलं आणि ताटात सांडलं. कुणाच्याही हातून सांडतं. सुनीलच्या हातून तर रोज सांडतं. पण माझा घास तोंडात तसाच राहिला. त्यानंतर दोन दिवस मी तिच्याकडं किड्याकडं बघावं तशी बघत होते, चार बोटांवरून, श्वास धरून. उंबरा ओलांडताना पाय अडखळतो का? पुस्तक तिरकं धरते का? बाजूनं हाक मारली तर कोणत्या अंगाला मान वळवते? ती चिडली. आई, काय झालंय तुला, सारखी काय बघते? काही नाही म्हणाले. ती गाडीत बसली, हात हलवला आणि गेली. आणि मग पाऊस उघडला.

आज रविवार. होस्टेलवर दुपारी फोन चालतो. सकाळी दार लावून घेतल्यापासून मी नुसती घरात फिरत होते. दुपारी फोन लावला आणि पहिल्यांदा जेवलीस का विचारलं, कारण दुसरं काही तोंडातून निघेना. मग सांगायला लागले. आजोबांचं सांगितलं, माझं सांगितलं, ठिपक्याचं, कळ दाबल्याचं, बाटली कशाची आहे ते सांगितलं. हे वर्षभर माहीत होतं आणि मी घाबरले म्हणून बोलले नाही, हेही सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीनं येते, तिथून नांदेडला जाऊ, एक दिवस क्लास बुडाला तर बुडाला.

मितूच्या मागून पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता.

“पण आई,” ती म्हणाली, “मला तर सगळं दिसतं.”

“मलाही दिसत होतं, माय. दोन्ही डोळे उघडे असले की सगळंच दिसतं.”

मागचं हसणं लांब गेलं. ती चालत कुठंतरी गेली असावी, चपलांचा आवाज आला आणि थांबला. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं,

“इथं भिंतीवर वेळापत्रक आहे. आधी कोणता झाकू?”